महालिंगआप्पा आणि व्हरांड्याची सावली

महालिंगआप्पा पहिल्यांदा आले तेव्हा मी मान वर न करताच म्हणाले होते, "बायोलॉजी वरच्या मजल्यावर."

त्यात माझं फारसं चुकलं नव्हतं. लातुरात आमची ती गल्ली तेव्हा नुसती कोचिंगनं भरलेली होती. खाली फिजिक्स, वर बायोलॉजी, मागं मेस, समोर झेरॉक्स, आणि या सगळ्यांच्या मधे माझं फ्लेक्स-डिझाइनचं दुकान आणि त्यातच दुपारचा छोटा कॉम्प्युटर क्लास. धोतर नेसलेला, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेला म्हातारा आमच्या जिन्यावर दिसला, की तो नातवाला कुठं तरी डांबायला आलाय हे ठरलेलं.

"बायोलॉजी नगं," ते म्हणाले. "मला फोटू उजळायचं शिकायचंय."

"आप्पा, फोटो द्या. मी करून देते. संध्याकाळी घेऊन जा."

"तसं न्हाई, माय. फोटू एकच हाय, पर त्यात माणसं लई हायत. ते मलाच कराय पायजे."

मी नांदेडची, लग्न होऊन लातूरला आलेली, आणि माहेरी मला सगळे तडतडी म्हणायचे ते काही उगीच नव्हतं. दुकानात गर्दी असताना असं कोडं घालणारा माणूस मला दोन मिनिटंही खपत नसे. पण आप्पांनी माझ्या तोंडाकडे लक्षच दिलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन ते बाकावर बसले आणि माझी गर्दी संपेपर्यंत भिंतीवरचे नमुन्याचे फ्लेक्स बघत राहिले. बघायचे तेही डोळे अगदी बारीक करून. मला वाटलं, मोतीबिंदू असेल.

मोतीबिंदू नव्हता. ते किल्लारीच्या अलीकडच्या एका खेड्यात चित्रकलेचे शिक्षक होते आणि तिथूनच निवृत्त झाले होते. डोळे बारीक केले की रंग पुसले जातात आणि नुसता उजेड-सावलीचा हिशेब उरतो, असं त्यांनी मला नंतर समजावलं. "रंग लई बोलतो, माय. त्याला जरा गप केल्याबिगर खाली काय हाय ते कळत न्हाई." त्यानंतर कितीतरी दिवस मी रस्त्यातून जाताना डोळे बारीक करून माणसं बघत होते. दोन-चार जणांनी गैरसमजही करून घेतला.

माझ्याकडे तेव्हा फोटोचं जे महागडं सॉफ्टवेअर होतं ते गल्लीतल्या सगळ्यांसारखंच चोरीचं होतं. आप्पांना हे कळलं आणि ते खुर्चीवरून उठले. "ह्या कामाला चोरीचं नगं," एवढंच म्हणाले. माझा पारा चढला. अख्खं लातूर ह्यावर पोट भरतंय आणि हे मला शिकवणार! पण एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत एक फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर होतं, ते शोधून काढलं. फुकट दिलेलं आप्पांना चाललं. मला ते चालवायला येत नव्हतं, त्यामुळे शिकवणारी आणि शिकणारा दोघंही एकदमच ठेचकाळत शिकलो.

त्यात एक चौकट उघडते आणि तिच्यात कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी एक तिरकी रेघ असते. ती रेघ धरून वर ओढली की फोटो उजळतो, खाली ओढली की काळवंडतो. डावीकडचं खालचं टोक तेवढं जरासं उचललं, तर बाकी फोटो जागच्या जागी राहतो आणि फक्त सावल्या उघडतात. आप्पा तिला दोरी म्हणायचे. विहिरीवर पोहरा ओढावा तसा त्यांचा हात माउसवर हळूहळू सरकायचा. बाजूची अकरावी-बारावीतली पोरं एका फटक्यात रेघ छतापर्यंत न्यायची आणि फोटो पांढराफटक करून टाकायची. आप्पांना ते बघवायचं नाही. "आरं हळू! अंधारातल्या माणसाला एकदम भायेर वढलं तर त्याचे डोळे दिपतेत की." पोरं खो खो हसायची, आणि मग खरंच हळू ओढायची.

ते आठवड्यातून दोनदा जीपनं यायचे. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी वेगळी बांधलेली एक धपाट्याची पुरचुंडी असायची. ती सुलोचनाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दिलेली. मी काकूंना तोवर पाहिलंही नव्हतं. "शिकवणाऱ्या पोरीला उपाशी ठेवू नगा, म्हनली," असं सांगून आप्पा पुरचुंडी कीबोर्डवरच ठेवायचे. कीबोर्डवर तेल सांडतं म्हणून मी ओरडायचे आणि धपाटं संपवायचे.

एकदा माझ्याकडे निकालाच्या फ्लेक्सचं मोठं काम आलं. कोचिंगवाल्या सरांचा हुकूम ठरलेला असे, पोरं गोरी दिसली पाहिजेत. मी सगळ्यांवरून एकच झाडू फिरवायचे. आप्पा शेजारी बसून बघत होते. फ्लेक्स चौकात लागला आणि दुसऱ्याच दिवशी रेणापूरकडचे एक गृहस्थ दुकानात आले. पोरगी पहिल्या पाचात आलेली. तिचा फोटो चौकात लागलाय असं कळल्यावर ते बायकोला, म्हाताऱ्या आईला घेऊन मुद्दाम बघायला आले होते आणि चौकात उभं राहून त्यांना आपली पोरगी सापडली नव्हती. भांडायला नव्हते आले बिचारे. "कोनची आमची, तेवढं दाखवा," म्हणत होते. मला हसू आलं. मी आप्पांकडे वळले, तर त्यांचे डोळे भरलेले. ते मशीनवर बसले, पोरीचा मूळ फोटो उघडला, तिच्या सावळ्या रंगाला धक्का न लावता नुसती डोळ्यांखालची सावली उचलली आणि छापून त्या आजीच्या हातात दिला. आजीनं त्या कागदाचीच अलाबला घेतली आणि कानशिलावर बोटं मोडली.

ते लोक गेल्यावर आप्पांनी पिशवीतला फोटो पहिल्यांदा बाहेर काढला.

शाळेचा होता. सातवीचा वर्ग, व्हरांड्यासमोर तीन रांगांत उभा. मधल्या खुर्च्यांवर शिक्षक, त्यांत काळ्या केसांचे आप्पा. डाव्या बाजूला लख्ख ऊन, आणि उजवीकडे व्हरांड्याच्या पत्र्याची सावली अशी तिरकी पडलेली की प्रत्येक रांगेतली शेवटची तीन-चार पोरं जवळजवळ काळी. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे त्या गावात दगडमातीची घरं होती तिथं ढिगारे उरले. गणपती बुडवून दमून झोपलेलं गाव. आप्पा विसर्जन आटोपून पोरांच्या लेझमा ठेवायला शाळेत गेले, तिथंच पत्र्याखाली आडवे झाले आणि म्हणून वाचले. काकू दाराच्या चौकटीत अडकल्या, त्यांना दुपारी बाहेर काढलं. त्यांच्याजवळ झोपलेली नंदा, त्यांची एकुलती एक, गेली. फोटोतल्या निम्म्याहून जास्त पोरांचं तेच झालं. घरांबरोबर घरातले होते नव्हते ते फोटोही गेले. ही एक प्रत निलंग्याला बदलून गेलेल्या एका शिक्षकाकडे राहिली होती, ती आप्पांना इतक्या वर्षांनी मिळाली. काढणाऱ्या फोटोग्राफरनं निगेटिव्ह कधीच टाकून दिली होती.

"नव्या गावात घरोघर भिंतीवर हार घातलेले फोटू हायत," आप्पा म्हणाले. "ज्येंच्या पोरांचे न्हाईत त्येंची भिंत बघवत न्हाई. आमची बी तसलीच हाय. नंदाच्या आईनं खिळा ठोकून ठेवलाय. म्हनती, फोटू आना."

"नंदा कुठंय यात?"

त्यांनी बोट ठेवलं. दुसऱ्या रांगेत, अगदी उजव्या टोकाला, सगळ्यांत गडद सावलीत. चेहरा नव्हताच. फ्रॉकचा पांढरट घेर आणि वर काळोख.

"इतकी कडेला का उभी राहिली?"

"मीच उभी केलो," आप्पा म्हणाले. "ती मधी हुती. मास्तरची पोरगी म्हनून मधी उभी केली, असं कुनी म्हनाय नगं म्हनून मी दंडाला धरून कडेला नेलो."

मी फोटो स्कॅनरवर ठेवला.

त्यानंतरचे काही महिने आमच्या दुकानातल्या त्या कोपऱ्यातल्या मशीनवर वेगळंच काहीतरी चाललं. समोर निकालांचे हसरे चेहरे, आणि तिकडे आप्पा एकेका पोराला सावलीतून बाहेर काढत होते. आधी सावलीच्या काठावरचे. एकेका चेहऱ्याभोवती रेघ आखायची, तेवढाच भाग वेगळा करायचा, दोरीचं खालचं टोक उचलायचं. फार उचललं की काळ्यात पिठासारखे दाणे दिसायला लागतात, मग थोडं मागं यायचं. कपाळ यायचं, मग नाकाचा शेंडा, मग एकदम डोळे. डोळे आले की आप्पा त्या पोराचं नाव घेऊन म्हणायचे, "आला." हजेरी घेतल्यासारखं. आईबाप जीपनं यायचे. फोटो हातात घेऊन काही रडायचे, काही उलट हसायचे, "आरं, शर्टाची गुंडी बघ कशी तुटकी!" एका बापानं फोटो उलटा करून मागची कोरी बाजूही बराच वेळ बघितली. सोसत नव्हतं, आणि तरी मी त्या दिवसांत फार कुणावर ओरडले नाही.

राहता राहिली ती टोकाची दोघं. पहिल्या रांगेतला दत्ता आणि दुसऱ्या रांगेतली नंदा. त्यांच्या जागी कागदावरच काळं होतं. जिथं काही उमटलंच नाही तिथून सॉफ्टवेअर काय काढणार? मी तसं सांगितलंही.

दत्ताची आई कोंडाबाई. मागं कुणी नाही, एकटीच. ती दर आठवड्याला आप्पांच्या दारात जाऊन बसायला लागली, मग त्यांच्याबरोबर जीपनं आमच्याकडेही यायला लागली. बाकावर बसून राहायची. "सगळ्यांची आली, माजाच कामून यंना, गुर्जी?" एके दिवशी तिनं स्वतःच्या उजव्या भुवईवर बोट ठेवून सांगितलं, "हितं खूण हुती बगा. बैलाचं शिंग लागलं हुतं. तुमीच पट्टी बांदलाव." आप्पांनी मान हलवली. त्या पट्टीची आठवण त्यांनाही होती.

त्या दिवशी आप्पांनी दोरी सोडली आणि ब्रश धरला. चित्रकलेत हात मुरलेला माणूस, जन्मभर पोरांचे चेहरे समोर बघितलेले. शेजारच्या पोरांच्या चेहऱ्यावरचा उजेड बघून त्यांनी त्याच उजेडात दत्ता रंगवला. कपाळ, बसकं नाक, पुढचे जरा मोठे दात, भुवईवरची खूण. मी बघतच राहिले. कुठं फोटो संपतो आणि कुठं आप्पांचा हात सुरू होतो, काही कळत नव्हतं. कोंडाबाईनं तो कागद छातीशी धरला आणि जिना उतरेपर्यंत "हाव, ह्योच, ह्योच" म्हणत गेली. मला वाटलं, याहून चांगलं काम माझ्या दुकानात कधी झालं नाही.

चूक आप्पांच्याच लक्षात आली, तीही काही महिन्यांनी. समोर उभ्या माणसाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते, हे चित्रकलेच्या मास्तराला काय सांगायचं? पण कोंडाबाई बोट ठेवून सांगत होती आणि आप्पांचं मन त्या पट्टीपाशी गुंतलेलं. खूण फोटोच्या उजवीकडे, म्हणजे दत्ताच्या डाव्या भुवईवर गेली होती. ते दुरुस्त करून नवी प्रत घेऊन ते कोंडाबाईकडे गेले. परत आले ते सरळ माझ्या दुकानात, आणि पाणी मागून बसून राहिले.

"ती घेईना," म्हणाले.

"का?"

"म्हनती, खूण डावीकडंच हुती. बोट बी डावीकडं ठेवली आता. म्या म्हनलो, बाई, तूच मला उजवीकडं दावलीस. तर माज्यावरच चिडली. माजं लेकरू मला ठावं का तुमाला, म्हनली." पाण्याचा घोट घेऊन ते पुढं म्हणाले, "नाक बी चित्रातल्यागतच हुतं म्हनती. मी जसं काढलो तसंच तिला आठवून राहिलंय. तिच्या मनात जो हुता तो माज्या चित्रानं खाल्ला, माय. तिचं पोरगं मी दुसऱ्यांदा नेलो."

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हटलं, तिला समाधान मिळालं ना, मग झालं. आप्पांनी नकारार्थी मान हलवली.

त्या दिवसानंतर त्यांनी ब्रशला हात लावला नाही. नंदाचा तुकडा तेवढा उघडून बसायचे, दोरी केसभर उचलायचे, केसभर सोडायचे. शेवटी त्या काळ्यातून जे यायचं होतं ते आलं. एक कान, वेणीच्या रिबिनीचा फुगा, आणि कानापासून हनुवटीपर्यंत गालाची एक फिकट कड. बाकी काही नाही. "जेवढी हाय तेवढीच," म्हणून त्यांनी तो छापला.

मी काकूंना पाहिलं ते त्यानंतर. लग्नाला लातूरजवळच्या मुरुडला आल्या होत्या, तिथून वाट वाकडी करून आप्पांना न सांगता एकट्याच माझ्याकडे आल्या. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई, हातात धपाट्याची पुरचुंडी. आधी मला पोटभर खाऊ घातलं आणि मग म्हणाल्या, "त्येंनी कोंडाबाईला आख्खं लेकरू काढून दिले. मला कान दिले. कानाला हार घालू का मी?"

"काकू, ते म्हणतात, काढलेला चेहरा खरा नसेल."

"नसना! मला कोन बघाय येनार हाय खरं का खोटं? रोज सांजच्याला दिवा लावते मी, तर कुनाच्या तोंडाकडं बघू सांग की. आता मलाच तिचं तोंड नीट आठवंना झालंय. कवा डोळं आठवतेत तर नाक जातंय." त्यांनी माझा हात धरला. "तू काढतीस का? त्येंना कळू दिनार न्हाई."

मला काढता येत नव्हतं. येत असतं तर मी काढला असता, आणि ते बरोबर की चूक हे मला आजही ठरवता येत नाही. काकूंनी पदरानं तोंड पुसलं, माझ्या डब्यात उरलेलं धपाटं नीट झाकून ठेवलं आणि त्या गेल्या. पुढं आप्पांच्या बोलण्यातून कळत राहिलं की घरात त्या दोघांचं सगळं बोलणं होतं, फक्त त्या भिंतीबद्दल होत नाही. कानाचा तो फोटो काकूंनी कधी लावला नाही. कपाटात ठेवला, कापडात गुंडाळून. दोघंही आपापल्या जागी खरी होती, आणि त्यांच्यात कुणी मध्ये पडावं अशी जागाच नव्हती. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांची कणवही यायची.

काकू गेल्या तेव्हा मी नांदेडला माहेरी होते. परत आल्यावर कळलं. साधा ताप म्हणत होते, तो उतरलाच नाही. त्यांना लेकीचं तोंड बघायला मिळालं नाही, एवढंच सारखं माझ्या मनात येत राहिलं.

काही दिवसांनी आप्पा आले. पहिल्यांदाच पिशवीत डबा नव्हता. त्यांनी काकूंचा एक फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. मुरुडच्या त्याच लग्नातला, मांडवाच्या कडेला उभ्या असताना कुणीतरी बाजूनं टिपलेला. दुपारचं ऊन, चेहरा लख्ख, एका बाजूला वळलेला, हसण्याच्या बेतात. स्मरणाचा फोटो करायचा असणार म्हणून मी तो स्कॅन करून त्यातलं मागचं जेवणाचं टेबल पुसायला घेतलं.

"ऱ्हाऊ दे. मी बसतो," ते म्हणाले.

त्यांनी नंदाचा तुकडा उघडला आणि त्याच्या शेजारी काकूंचा चेहरा आणून तेवढ्याच आकाराचा केला. मग दोरी धरली आणि खाली ओढली. मला वाटलं, हात चुकला. पण ते ओढतच राहिले, नेहमीच्याच संथ हातानं. आधी मांडव काळा झाला. मग काकूंचं कुंकू गेलं. डोळे गेले, नाक गेलं, ते अर्धं हसूही गेलं. शेवटी एक कान राहिला आणि कानापासून हनुवटीपर्यंत गालाची फिकट कड. शेजारी नंदाची तीच कड होती. तीच वळणं, हनुवटीपाशी तोच खळगा. आप्पांनी हात माउसवरून काढून घेतला.

"आप्पा, काकू दिसेनात की हो," मी म्हणाले.

"लेकीला उजेडात आनायला मला जमलं न्हाई," ते म्हणाले. "म्हनून हिलाच तिच्यापाशी नेऊन उभी केलो."

दोघी एकाच कागदावर छापून निघाल्या. शाई वाळेपर्यंत आप्पांनी तो कडांना धरून पंख्याखाली ठेवला, मग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि किल्लारीकडची जीप या वेळेला मिळेल का, असं मला विचारलं. मिळेल म्हटलं. वरचा क्लास तेवढ्यातच सुटला होता आणि जिन्यावरून पोरं धडाधड उतरत होती. त्यांना वाट देत, गुंडाळी पोटाशी धरून, आप्पा भिंतीच्या कडेकडेनं खाली गेले. त्यानंतर ते आले नाहीत.